शेवटच्या स्टेशनापर्यंत माल पोचतो कसा?

नागपूरहून कामठी, कन्हान करत येणारी गाडी रामटेकला थांबते आणि तिथेच संपते. पुढे रूळच नाहीत. शेवटच्या स्टेशनावर राहणाऱ्यांना एक गोष्ट लहानपणापासून माहीत असते. लाईनवर कुठेही काही अडलं की पहिला फटका आपल्याला. मधल्या गावांचं कसंबसं निभावतं, आपल्याकडे गाडीच येत नाही.

आपल्या शरीरातही असं एक शेवटचं स्टेशन आहे. पायाचा अंगठा.

कमरेजवळ, मणक्याच्या अगदी शेजारी काही चेतापेशी असतात. त्यांच्यातल्या काहींची शेपटी (बारावीच्या पुस्तकातला तो अक्षतंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन) मांडी, गुडघा, पोटरी, घोटा असं करत थेट अंगठ्यापर्यंत जाते. मध्ये कुठेही जोड नाही. एकच पेशी, लांबी जवळपास एक मीटर. तिचा मुख्य भाग मात्र नुसत्या डोळ्यांना धड दिसणारही नाही इतका बारीक. तो क्रिकेटच्या चेंडूएवढा धरला, तर शेपटी किलोमीटरच्या आसपास जाईल. आणि गंमत अशी की पेशीचे बहुतेक सगळे कारखाने त्या चेंडूत आहेत. प्रोटीन तिथे बनतं, चरबीचे बरेचसे रेणू तिथे बनतात, मायटोकॉन्ड्रिया बहुतांशी तिथून निघतात. ते सगळं अंगठ्यापर्यंत पाठवावं लागतं. नुसतं तरंगत, आपोआप पसरत जायचं म्हटलं तर एका प्रोटीनला तिथे पोचायला शेकडो वर्षं लागतील.

म्हणून पेशीच्या आत रूळ टाकलेले आहेत. त्यांना मायक्रोट्युब्यूल म्हणतात. त्यावरून मालगाड्या चालतात. आणि त्या कशा चालतात, कशाच्या जोरावर चालतात, कधी थांबतात, हे शोधण्याचं जगातलं काही उत्तम काम गेल्या वीस वर्षांत मुंबई-पुण्यात झालंय.

चप्पल कुठे राहिली?

खरं सांगायचं तर बारावी सायन्सनंतर मी बायोलॉजीला रामराम ठोकला होता. मास कॉमला आले आणि सुटले असं वाटलं. परत या विषयाकडे वळले ते मावशीमुळे.

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग किमो सुरू झाली. औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. केस गेले, तोंडाची चव गेली, ते सगळं अपेक्षित होतं. पण एक दिवस ती देवळात गेली आणि परत येताना एकाच पायात चप्पल. "मले वाटे दोन्ही पायात हाये," ती म्हणाली, "पायाले समजलंच नाही ना बाई." आम्ही हसलो, तीही हसली. मग कळलं की तिच्या पायाला महिनाभर मुंग्या येत होत्या. तळवे बधिर झाले होते, रात्री आग व्हायची. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कॅन्सरपुढे मुंग्यांचं काय घेऊन बसायचं, असा तिचा हिशेब.

पॅक्लिटॅक्सेलचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे. सुरुवात पायाच्या बोटांपासून, मग वर चढत जायचं, पुढे हाताची बोटं. डॉक्टर त्याला मोजे-हातमोजे घातल्यासारखं बधिरपण म्हणतात. म्हणजे शेवटच्या स्टेशनांवर आधी अंधार. ही गोष्ट डॉक्टरला लवकर सांगितली तर डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, कधी औषध बदलता येतं. त्यामुळे घरात कुणाची किमो चालू असेल तर "पायाला मुंग्या येतात का?" हा प्रश्न आपणहून विचारा. ती माणसं स्वतःहून सांगत नाहीत.

पण कॅन्सरच्या औषधाचा आणि पायाच्या अंगठ्याचा संबंध काय? तिथूनच मी रुळांपर्यंत पोचले.

बकरीचा भेजा, थंड आणि गरम

मायक्रोट्युब्यूल म्हणजे पोकळ नळी. जाडी 25 नॅनोमीटर. आपल्या एका केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. ही नळी ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या विटांनी बनते आणि तिची खासियत म्हणजे ती सतत बनत आणि मोडत असते. एका टोकाला विटा लागत जातात, मध्येच सगळं ढासळतं, परत लागतात. पेशीची विभागणी होताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेण्याचं काम याच नळ्या करतात, आणि त्यासाठी त्यांना हे बनणं-मोडणं जमलं पाहिजे.

आता प्रयोगासाठी ट्युब्युलिन आणायचं कुठून? मेंदूतून. मेंदूत ते भरपूर असतं, कारण चेतापेशी म्हणजे रूळच रूळ. परदेशात गाईचा किंवा डुकराचा मेंदू वापरतात. आपल्याकडे बकरीचा. आयआयटी मुंबईत दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेतून ट्युब्युलिनवर वर्षानुवर्षं जे शोधनिबंध निघाले, त्यात हा बकरीचा मेंदू वारंवार भेटतो. कत्तलखान्यातून ताजा मेंदू आणायचा, बर्फात ठेवायचा, थंडीतच वाटायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ काढून टाकायचा. मग त्या द्रवात थोडं रसायन घालून तो 37 अंशांपर्यंत, म्हणजे अंगाइतका गरम करायचा. विटा आपोआप जुळतात, नळ्या तयार होतात. नळ्या फिरवून तळाशी बसवायच्या, बाकीचं फेकून द्यायचं. परत बर्फात ठेवलं की नळ्या विरघळून विटा सुट्या. परत गरम, परत थंड. दर फेरीत माल जास्त शुद्ध. आपल्याकडे लोक ज्याचं फ्राय करून खातात त्यातून असं काही निघतं, हे वाचल्यावर मला दोन दिवस नॉनव्हेज हॉटेलच्या पाटीकडे वेगळ्याच नजरेनं बघावंसं वाटत होतं.

पॅक्लिटॅक्सेल काय करतं? नळीला मोडूच देत नाही. ती गोठल्यासारखी होते. कॅन्सरची पेशी भराभर विभागू पाहते, पण नळ्या हलेनात, म्हणून अडकते आणि मरते. उत्तम. पण मावशीच्या पायातल्या चेतापेशीला विभागायचं नव्हतंच. तिला फक्त माल हवा होता, आणि औषधानं तिच्याही रुळांना हात लावला.

याच्या उलटं काम करणारं औषध आपल्या दारात उभं आहे. सदाफुली. कुंडीत, तुळशीशेजारी, बसस्टँडच्या भिंतीला, कुठेही उगवते. मूळची मादागास्करची. तिच्यातून निघणारं व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कॅन्सरवर, लहान मुलांच्यासुद्धा, वापरलं जातं. ते नळ्या बनूच देत नाही. एक औषध मोडू देत नाही, दुसरं बनू देत नाही, आणि दोघांचाही त्रास पायाच्या बोटांपासूनच सुरू होतो.

तिसरं झाड पावसाळ्यात आपल्या झुडपी जंगलात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फुलतं. कळलावी. तिच्यात कोल्चिसिन असतं, आणि ट्युब्युलिनची ओळख पटली तीच मुळी कोल्चिसिन कुणाला चिकटतं हे शोधताना. 1967 च्या सुमारास शिकागोत बोरिसी आणि टेलर यांनी ते काम केलं. (कळलावीचा कंद जबर विषारी आहे. फोटो काढा, हात लावू नका.)

रस्सीखेच

आता गाड्यांबद्दल. गाड्या म्हणजे मोटर प्रोटीन. मुख्य जाती दोन. कायनेसिन चेतापेशीत माल बाहेर नेतं, चेंडूकडून अंगठ्याकडे. डायनिन उलटं, अंगठ्याकडून चेंडूकडे आणतं. कायनेसिनला दोन पाय असतात आणि ते खरोखर चालतं, एकापुढे एक पाऊल टाकत. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं. वेगवान माल चेतापेशीत दिवसाला 40 सेंटीमीटरपर्यंत जातो. एकाच मोटरनं तो सगळा रस्ता चालून काढला असं धरलं तर दिवसाची पाच कोटी पावलं झाली. आपण दहा हजारांचं टार्गेट लावून घड्याळाकडे बघत बसतो. तरीसुद्धा कमरेपासून अंगठ्यापर्यंत पोचायला अडीच दिवस लागतात.

परतीची गाडी कधीकधी नको त्याला घेऊन येते. कुत्रा चावल्यावर रेबीजचा विषाणू याच उलट्या लाईनवरून मेंदूकडे सरकतो. चेहऱ्याला चावलं तर पायाला चावल्यापेक्षा धोका जास्त, त्याचं एक कारण हेच. अंतर कमी.

या मोटरींची ताकद मोजणारे शास्त्रज्ञ म्हणजे रूप मलिक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, त्यांनी पीएचडी केली ती भौतिकशास्त्रात. विषय चुंबकत्वाचा. पेशी-बिशी काही नाही. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाला स्टीव्हन ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथे त्यांना डायनिन भेटलं. 2004 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा शोधनिबंध आला: डायनिन गिअर टाकतं. ओझं नसताना लांब लांब पावलं, ओझं वाढलं की छोटी पावलं. गडाच्या चढावर बाईक नेताना आपण जे करतो तेच एक प्रोटीनचा रेणू करतो. मग ते टीआयएफआरला परतले, जीवशास्त्र विभागात, आणि नंतर आयआयटी मुंबईत गेले. ब्रँच बदलली म्हणून घरी बोलणी खाणाऱ्या सगळ्यांनी हा परिच्छेद आईबाबांना वाचून दाखवावा.

ताकद मोजायची कशी? प्रकाशानं. लेसरचा झोत एका बिंदूवर आणला की त्या बिंदूत बारीकसा मणी अडकून राहतो, जणू अदृश्य चिमट्यात धरलाय. मोटर त्या मण्याला ओढते, मणी केंद्रातून किंचित सरकतो, आणि किती सरकला यावरून जोर कळतो. या चिमट्याची कल्पना आर्थर अ‍ॅश्किन यांची. त्यांना 2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. योगायोग असा की मलिक यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला तोही 2018 चाच.

मलिक यांच्या गटानं मणी नुसताच ठेवला नाही. रोगजंतू गिळणाऱ्या पेशींना त्यांनी मणी गिळायला दिले. पेशीला वाटलं जंतू आहे. ती त्याभोवती पिशवी करून आत ओढू लागली. आणि तो मणी लेसरमध्ये पकडता येतो! म्हणजे जिवंत पेशीच्या आत चाललेली रस्सीखेच मोजता आली. 2013 मध्ये 'सेल'मध्ये आलेलं उत्तर मला फार आवडलं. एकेकटं बघितलं तर कायनेसिन पहिलवान आहे आणि डायनिन अगदीच किरकोळ. पण कायनेसिनला टीममध्ये खेळता येत नाही. चार कायनेसिन एकत्र आले तरी जोर फारसा वाढत नाही, ओझं एकावरच पडतं. डायनिन मात्र ओझं वाटून घेतात. पुढचा जड झाला की छोटं पाऊल टाकतो, मागचा त्याला गाठतो. जितके डायनिन, तितका जोर. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकटाच टॉपर सगळं करतो तो ग्रुप आणि चार साधी पोरं मिळून करतात तो ग्रुप, यातला फरक ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

चरबीचा हात

मग प्रश्न आला की डायनिनची टीम जमवतो कोण? इथे गोष्टीत चरबी शिरते.

2016 मध्ये याच गटानं दाखवलं की गिळलेल्या मण्याभोवतीच्या पिशवीच्या पापुद्र्यात जसजसा काळ जातो तसतसं कोलेस्टेरॉल साठत जातं. त्याचे छोटे छोटे पट्टे तयार होतात आणि डायनिन त्या पट्ट्यांवर घोळक्यानं उभे राहतात. घोळका झाला की एकदम ओढता येतं. विखुरलेले असले तर येत नाही. काळा आजार घडवणारा लेशमॅनिया हा परजीवी नेमका इथे डाव टाकतो. त्याच्या अंगावरचा एक चरबीयुक्त रेणू हे घोळके फोडतो. पिशवी पुढे सरकत नाही, आणि आतला परजीवी वाचतो. कोलेस्टेरॉल म्हणजे हार्ट अटॅक एवढंच आपल्याला माहीत. इथे ते मोटरींना उभं राहायला जागा देतं.

त्यानंतरचं काम यकृतावर आहे आणि ते उपवासाबद्दल आहे. आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचा लाडू आणि वर केळं, तो इथे धरायचा नाही. खरा उपवास, पोटात काहीच नसलेला. अशा वेळी शरीर साठवलेली चरबी मोडायला काढतं. ती रक्तातून यकृताकडे येते. यकृताच्या पेशीत तिचे थेंब साठतात. आता यकृतानं ती सगळी लगेच परत रक्तात सोडली तर रक्तात चरबीचा पूर येईल. तसं होत नाही. का होत नाही?

गटानं जेवलेल्या आणि उपाशी उंदरांच्या यकृतातून चरबीचे थेंब वेगळे काढले आणि काचेवर मांडलेल्या मायक्रोट्युब्यूलवर सोडले. जेवलेल्या उंदराचे थेंब रुळावरून तुरुतुरु धावले. उपाशी उंदराचे जागच्या जागी. कारण उपाशी असताना थेंबांवरून कायनेसिन उतरलेलं असतं. इंजिनच नाही तर डबा हलणार कसा? जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, थेंबावर एक खास प्रकारचा चरबीचा रेणू तयार होतो, तो कायनेसिनला बोलावून घेतो, थेंब पेशीच्या कडेकडे जातात आणि तिथून चरबी पॅक होऊन रक्तात जाते. 2017 आणि 2019 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. हेपॅटायटिस सी चा विषाणूसुद्धा याच थेंबांच्या वाहतुकीवर स्वार होतो, हेही त्यातच निघालं.

हॉस्टेलच्या मेसमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीत 'फॅटी लिव्हर' हा शब्द आता वडिलांच्या रिपोर्टपुरता राहिलेला नाही. यकृतातल्या चरबीकडे वाहतुकीचा प्रश्न म्हणून बघता येतं, हे मला तरी नवीन होतं.

मेंदू म्हणजे निम्मी चरबी

यकृत झालं. चेतापेशीचं काय? मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबी असते. शरीराच्या वजनात मेंदू दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा तरी त्याच्याकडे. आणि हे कोलेस्टेरॉल तो स्वतः बनवतो, रक्तातून घेत नाही. म्हणजे मीटरभर लांब पेशीचा सगळा बाहेरचा पापुद्रा चरबीचा, तिच्यातून धावणारी प्रत्येक पिशवी चरबीची.

यात जराशी गडबड झाली की काय होतं, त्यावर पुण्यातल्या आयसरमध्ये सिद्धेश कामत काम करतात. 2017 च्या यकृताच्या शोधनिबंधात तेही सहलेखक होते. फार्क नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. हातापायाच्या चेता निकामी होतात, ऐकू येईनासं होतं, तोल जातो, नजर जाते, मोतीबिंदू होतो. कारण एकच: एका विशिष्ट जातीचा चरबीचा रेणू मोडणारं एन्झाइम बिघडलेलं असतं, मग तो रेणू साठत जातो. कामत यांना 2024 चा इन्फोसिस पुरस्कार अशाच, संदेश वाहणाऱ्या चरबीच्या रेणूंवरच्या कामासाठी मिळाला.

आणि मग एक प्रोटीन असं आहे जिथे रूळ, चरबी आणि चेतापेशी तिन्ही एकत्र येतात. स्पास्टिन. त्याचं काम मायक्रोट्युब्यूल कापण्याचं. कापलेच नाहीत तर नवे रूळ, नवे फाटे तयार कसे होणार? पण याच स्पास्टिनचा एक प्रकार चरबीच्या थेंबांवर जाऊन बसतो. त्याचा जीन बिघडला की तरुणपणी किंवा मध्यम वयात पाय हळूहळू ताठ होत जातात, चालणं अडखळतं. हात बहुधा ठीक. कारण मेंदूपासून कमरेपर्यंत उतरणाऱ्या सगळ्यात लांब पेशी आधी हरतात. पुन्हा तेच, लांबच्या स्टेशनाचा नंबर पहिला. स्पास्टिनच्या बिघाडात नेमकं दुखणं रुळांचं की चरबीचं, की दोन्ही एकमेकांत अडकलेलं, यावर जगभर काम चालू आहे.

पाय ताठ होणं म्हटलं की विदर्भातल्या जुन्या माणसांना लाखोळी आठवते. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त लाखोळीची डाळ खाल्लेल्या माणसांचे पाय असेच आखडायचे, आणि त्यापायी तिच्या विक्रीवर अनेक वर्षं बंदी होती. तिच्यातलं विष वेगळ्या वाटेनं काम करतं, चेतापेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करून. पण बळी जातात त्याही पेशी लांबच्याच.

जिवंत चेतापेशीत ही वाहतूक बघायची तर माणूस उपयोगाचा नाही. टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत ती बघतात. सी. एलिगन्स त्याचं नाव, चेतापेशी मोजून 302. मालाला चमकणारा टॅग लावला की जिवंत कृमीच्या आत डबे येताना-जाताना दिसतात. 2018 मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की धडधाकट कृमीच्या अ‍ॅक्सॉनमध्येही ठरावीक जागी ट्रॅफिक जाम होतात. डबे थांबतात, साठतात, थोड्या वेळानं सुटतात. सगळ्या जामचा अर्थ आजार असा होत नाही.

हे वाचून तुमच्यापैकी कुणाच्या मनात "आपणही" आलं असेल, तर बीएस्सी रामटेकात केली की मुंबईत, याला फार अर्थ नाही. टीआयएफआरचा उन्हाळ्यातला विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम असतो, आयसर आणि आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा असते. आमच्या गावातली एक मैत्रीण यंदा जॅमचा फॉर्म भरतेय. तिला मी बकरीच्या भेज्याची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "काहून आधी नाही सांगितलं? मी फिजिक्स घेऊन बसली ना." मग तिला मलिक यांचं सांगितलं.

मावशीची किमो संपून आता चार महिने झाले. डॉक्टरांनी शेवटच्या दोन डोसमध्ये बदल केला होता. चेतेचं टोक परत वाढतं, पण कूर्मगतीनं. इजा झालेली चेता दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते असं मानतात. सगळ्यांचं पूर्ण भरून येतंच असं नाही, तेही तिला सांगितलंय. तिनं टेलरच्या टेपनं घोट्यापासून अंगठ्यापर्यंत पाय मोजला. एकवीस सेंटीमीटर. म्हणजे दोनशे दहा दिवस. कॅलेंडरवर तिनं तेवढ्या तारखा मोजल्या आणि शेवटच्या तारखेला लाल पेनानं गोल केला. परवा फोनवर म्हणाली, डाव्या करंगळीला फरशी थंड लागली.